शॅम्पूची वाळू

इंजिनाचं हेड उतरवलं की फिटर आधी पिस्टनच्या माथ्याकडे बघतो. डिझेलचं इंजिन असेल तर तिथे काळा कार्बन सापडतो, तेलकट, बोटाला काजळी लावणारा. सांडपाण्याच्या गॅसवर वर्षभर चाललेल्या इंजिनात मात्र त्याच जागी पांढरट-करडा थर दिसतो. बोट फिरवलं तर वर रांगोळीसारखी भुकटी आणि तिच्याखाली खरखरीत कवच. व्हॉल्व्ह सीटपाशी तर ते काचेसारखं चिकटून बसलेलं असतं. तारेच्या ब्रशने निघत नाही, खरवडावं लागतं. नमुना प्रयोगशाळेत पाठवला तर उत्तर येतं : मुख्यतः सिलिका. म्हणजे ज्या पदार्थाची वाळू बनते तोच. गॅस बंद नळीतून आला, हवा बारीक फिल्टरमधून आली, मग बंद सिलिंडरच्या आत वाळू आली कुठून?

उत्तर शोधायला मोरीत जावं लागतं.

केसांच्या सिरमची बाटली पालथी करून मागची बारीक अक्षरं वाचा. पहिल्या दोन-तीन नावांत बहुधा सायक्लोपेंटासिलॉक्सेन असतं. रसायनवाले त्याला लाडाने डी-५ म्हणतात. त्याची रचना फेर धरल्यासारखी असते. पाच सिलिकॉन आणि पाच ऑक्सिजन एकाआड एक उभे राहून एकमेकांचे हात धरतात, आणि प्रत्येक सिलिकॉनच्या पाठीवर दोन-दोन मिथाइल गट बसलेले असतात. चौघांचा फेर असेल तर डी-४, सहांचा असेल तर डी-६. या सगळ्या कुळाचं नाव सिलॉक्सेन. आतला फेर वाळूच्या जातीचा, बाहेरचं अंग तेलाच्या जातीचं. म्हणून हे द्रव तेलासारखे पसरतात पण तेलकट वाटत नाहीत. केस रेशमी करतात आणि मागे चिकटपणा न ठेवता उडून जातात. सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्याला याहून सोयीचं काय हवं?

हे सगळं निसर्गाने केलेलं नाही. निसर्ग सिलिकॉनला ऑक्सिजनशी बांधतो आणि गारगोटी करून सोडून देतो. सिलिकॉनला कार्बनशी जोडायचा उद्योग माणसाचा. इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या कॉलेजात फ्रेडरिक किपिंग यांनी त्यात हयात घालवली. ‘सिलिकोन’ हे नाव त्यांनी १९०१ च्या सुमारास वापरात आणलं, आणि गंमत म्हणजे ते कीटोनच्या नावावर बेतलेलं होतं. सूत्र कागदावर कीटोनसारखं दिसे, प्रत्यक्षात हे पदार्थ तसे नसतात. प्रयोगाच्या शेवटी भांड्याच्या बुडाशी जो चिकट लगदा उरे, तो त्यांच्या लेखी कटकट होती. या शाखेतून लवकर काही मोठं हाती लागेल अशी आशा नाही, असं त्यांनी १९३७ मध्ये एका मानाच्या व्याख्यानात सांगूनही टाकलं. तीनच वर्षांनी, १९४० मध्ये, अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत यूजीन रोकाउ यांनी सिलिकॉनवरून, तांब्याच्या मदतीने, मिथाइल क्लोराइडची वाफ सोडली आणि त्याच चिकट लगद्याचा कच्चा माल स्वस्तात बनवायची वाट उघडली. जर्मनीत रिचर्ड म्यूलर जवळपास त्याच वेळी, स्वतंत्रपणे, तिथेच पोचले होते. पुढे त्यातून सीलंट आले, बेकिंगचे साचे आले, विमानाचे गॅस्केट आले, आणि शॅम्पू-कंडिशनरही.

गारगोटीपासून काढलेला सिलिकॉन असा आपल्या डोक्यावर येऊन बसला. तिथून तो पुन्हा वाळू कसा होतो, ती या प्रकरणाची गोष्ट.

अंगाला लावलेलं बहुतेक डी-५ हवेत उडतं आणि तिथे काही दिवसांत मोडतं. जे अंघोळीच्या पाण्याबरोबर वाहून जातं ते थोडंच, पण गटारात गेल्यावर त्याचा स्वभाव दिसतो. पाण्याशी त्याचं अजिबात जमत नाही. प्रक्रिया केंद्रात पोचेपर्यंत ते स्निग्ध कणांना, गाळाला चिकटून बसतं. पाणी पुढे निघून जातं, गाळ डायजेस्टरमध्ये जातो. डायजेस्टर म्हणजे मोठा झाकलेला रांजण. आत ३५-३७ अंशांची ऊब, हवा नाही, आणि दोन-तीन आठवडे जिवाणूंची पंगत. त्यातून मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि त्या उबेत गाळाला चिकटलेलं डी-५ सुटून गॅसबरोबर वर येतं. ५५ अंशांवर चालणाऱ्या डायजेस्टरमध्ये ते आणखी जोमाने सुटतं.

थोडं आपणही घालतो. डायजेस्टरमध्ये फेस माजला की ऑपरेटर फेस मोडणारं औषध ओततो, आणि ते बऱ्याचदा सिलिकोनचंच असतं. गॅसमध्ये सिलॉक्सेन एकदम वाढलं म्हणून शोध घेत निघावं आणि माग त्या औषधाच्या कॅनजवळ येऊन थांबावा, असा हा प्रकार.

कचरा डेपोतला प्रवास वेगळा. तिथे अर्धवट संपलेल्या बाटल्या, सीलंटच्या नळ्या, सिलिकोनचा लेप दिलेले कागद, असलं सगळं एकमेकांवर दाबलेलं पडून असतं. लांबलचक साखळ्यांची सिलिकोन तेलं मातीत आणि कचऱ्यात हळूहळू तुटतात आणि हलके तुकडे मोकळे होतात. म्हणून डेपोच्या गॅसमध्ये डी-४ बरोबर हेक्झामिथाइलडायसिलॉक्सेनसारखी लहान रेणूंची मंडळी आणि पाण्यात विरघळणारं ट्रायमिथाइलसिलानॉल सापडतं, तर सांडपाण्याच्या गॅसमध्ये डी-५ चा वरचष्मा असतो. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

आपल्याकडे गोबरगॅस दोन-तीन पिढ्यांच्या ओळखीचा आहे. पण शेणात सिलॉक्सेन नसतं, कारण गाय कंडिशनर लावत नाही. त्यामुळे गोबरगॅसच्या अनुभवाने आपल्याला हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्याचा वास शिकवला, तांब्याचे भाग कसे खातो ते शिकवलं, या पांढऱ्या पाहुण्याबद्दल काहीच शिकवलं नाही. साखर कारखान्यांच्या प्रेसमडवर आणि मळीच्या सांडपाण्यावर चालणाऱ्या प्रकल्पांचंही तेच. तिथे डोकेदुखी गंधकाची.

आता जरा हिशेब करू. एक मेगावॉटचं गॅस इंजिन, गॅसमध्ये ६० टक्के मिथेन, इंजिनाची कार्यक्षमता ४० टक्के. तासाला साधारण ४२० घनमीटर गॅस लागेल. घनमीटरमागे २० मिलिग्रॅम डी-५ धरू, म्हणजे तासाला साडेआठ ग्रॅमच्या आत-बाहेर. पाच सिलिकॉनचा फेर जळाला की सिलिकाचे पाच कण होतात. वजनाचं गणित मांडलं तर एक किलो डी-५ मधून ८१० ग्रॅम सिलिका निघते. तासाला सुमारे सात ग्रॅम झाली. इंजिन वर्षात ८,००० तास चाललं तर ५० किलोच्या वर. सिमेंटचं एक पोतं ५० किलोचं असतं! त्यातला मोठा भाग धुराड्यातून निघून जातो हे खरं, पण जो थोडा मागे राहतो तो नेमका नको तिथे राहतो.

स्पार्क प्लगवर बसला तर ठिणगी चुकते. पिस्टनच्या माथ्यावर थर जाड झाला तर ज्वलनाची जागा आकसते, दाब वाढतो, इंजिन ठोके देऊ लागतं. व्हॉल्व्ह नीट बसला नाही की त्या फटीतून तापलेला गॅस सुटतो आणि व्हॉल्व्ह जळतो. राहिलेलं तेलात उतरतं. इथे एक मजेशीर फसगत होते. तेलाच्या तपासणीत सिलिकॉन वाढलेलं दिसलं की कोणताही अनुभवी मेकॅनिक म्हणतो, एअर फिल्टर फाटला, धूळ आत जातेय. फिल्टर बदलतात, पुढच्या अहवालात सिलिकॉन तेवढंच. धूळ बाहेरून येतच नसते, ती सिलिंडरमध्ये जन्माला येत असते.

सिलिकॉनचा खोडसाळपणा पाहायला इंजिनघरातच जायला हवं असंही नाही. २००७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आग्नेय इंग्लंडात हजारो मोटारी अचानक धक्के देऊ लागल्या, ताकद गमावू लागल्या. शोध लागला तो पेट्रोलमधल्या किंचितशा सिलिकॉनचा. एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरवर सिलिकाचा पातळ पापुद्रा चढला आणि गाडीचा मेंदू आंधळा झाला. इंजिन धडधाकट, फक्त नाक चोंदलेलं.

माझ्या मते या विषयाची खरी किल्ली इथेच आहे. गॅस किती घाण आहे हा प्रश्न एकट्याने विचारण्यात अर्थ नाही. कोणत्या यंत्रासाठी घाण, ते विचारायला हवं. मुंबईत गोराईचा डेपो बंद करून झाकला तेव्हा गॅस नळ्यांनी गोळा करून जाळायची सोय केली. त्या ज्वाळेला सिलॉक्सेनचं काहीच सोयरसुतक नसतं. बॉयलरला थोडं असतं, नळ्यांवर पांढरा थर चढतो, उष्णता कमी पोचते, पण बंद करून साफ करता येतं. लॉस एंजलिसजवळच्या प्वेंटे हिल्सच्या अवाढव्य कचरा डेपोवर १९८० च्या दशकात सुमारे ५० मेगावॉटचं वीजघर उभं राहिलं, ते बॉयलर आणि वाफेच्या टर्बाइनचं. डेपो २०१३ मध्ये बंद झाला. असा रांगडा मार्ग कार्यक्षमतेत मागे पडतो, सहनशक्तीत पुढे. पिस्टन इंजिनांचे कारखानदार घनमीटरमागे दहा-वीस मिलिग्रॅमच्या घरातली मर्यादा सांगतात. मायक्रोटर्बाइन आणि फ्युएल सेल यांना तर जवळपास शून्यच लागतं. यंत्र जितकं हुशार तितकं नाजूक.

आणि सगळ्यात नाजूक वस्तू इंजिनात नसतेच, ती धुराड्यात असते.

लॉस एंजलिसच्या दक्षिणेला ऑरेंज काउंटी आहे. तिथल्या सांडपाणी खात्याची दोन केंद्रं, एक फाउंटन व्हॅलीत, दुसरं समुद्रकाठी हंटिंग्टन बीचला. पहिल्या केंद्राचं पाणी शेजारच्या जलशुद्धी प्रकल्पात जाऊन, २००८ पासून, पिण्याच्या पाण्याच्या दर्जाचं होऊन भूजलात मिसळतं. सांडपाणी वाया न घालवणारी ही माणसं गॅसही वाया घालवत नव्हती. पहिल्या केंद्रावर अडीच मेगावॉटची तीन आणि दुसऱ्यावर तीन मेगावॉटची पाच, अशी धूड इंजिनं १९९० च्या दशकापासून डायजेस्टरच्या गॅसवर चालत होती. सिलिकाचा थर बसायचा, लोक खरवडायचे, चालायचं.

मग हवेचा नियम बदलला. लॉस एंजलिसचं खोरं धुरक्यासाठी बदनाम, आणि तिथल्या हवा नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी २००८ मध्ये ‘नियम १११०.२’ कडक केला. बायोगॅसच्या इंजिनांनाही नायट्रोजन ऑक्साइड दशलक्षात ११ भाग, कार्बन मोनॉक्साइड २५०, हायड्रोकार्बनची वाफ ३०, एवढ्यात बसायला सांगितलं. नैसर्गिक वायूच्या इंजिनांना जे चालतं ते तुम्हालाही, असा त्याचा अर्थ. इंजिनात बदल करून एवढं साधत नाही, एक्झॉस्टवर उत्प्रेरक बसवावाच लागतो. उत्प्रेरकाची सगळी करामत त्याच्या सूक्ष्म छिद्रांत असते. सिलिकाचे कण तिथे पोचले की छिद्रं लिंपली जातात, आणि स्वच्छ न केलेल्या गॅसवर हे काही तासांत किंवा दिवसांत होतं. ज्या पांढऱ्या भुकटीबरोबर लोक वर्षानुवर्षं नांदत होते, ती एका रात्रीत असह्य झाली. गॅसमध्ये काहीच बदललं नव्हतं.

ऑरेंज काउंटीने २०१० मध्ये पहिल्या केंद्रातल्या एका इंजिनावर पूर्ण मापाचा प्रयोग लावला. आधी कोळशाने गॅसमधलं सिलॉक्सेन काढायचं, मग एक्झॉस्टवर एक ऑक्सिडेशनचा उत्प्रेरक, त्याच्यामागे युरिया फवारून नायट्रोजन ऑक्साइड मोडणारा दुसरा. वर्षभर चाललं आणि जमलं. तरी सगळ्यांना ते परवडेना. नियमाची मूळची २०१२ ची मुदत २०१६ पर्यंत आणि शेवटी २०१७ च्या सुरुवातीपर्यंत पुढे गेली. काही छोट्या केंद्रांना इंजिन बंद करून गॅस नुसता जाळणं सोपं वाटू लागलं, आणि त्यांना हसण्यात अर्थ नाही. हवा स्वच्छ ठेवायचा नियम आणि वाया जाणाऱ्या गॅसची वीज करायचा आग्रह, दोन्ही चांगले. दोघांच्या मध्ये उभं राहून बिल भरायचं काम कोळशाच्या टाकीला करावं लागतं.

या कोळशाची सवय ओळखून घ्यावी लागते. ॲक्टिव्हेटेड कार्बन बहुधा नारळाच्या करवंटीचा किंवा दगडी कोळशाचा असतो. ग्रॅमभर कार्बनमध्ये हजार चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग दडलेला असतो. पण तो सिलॉक्सेनसाठी राखीव नसतो. जो आधी येईल त्याला जागा. पाण्याची वाफ येते, हायड्रोजन सल्फाइड येतो, संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन येतं. म्हणून आधी गंधक काढतात, लोखंडाच्या ऑक्साइडच्या थरातून गॅस नेऊन. मग गॅस चार-पाच अंशांपर्यंत थंड करतात. पाणी ठिबकून पडतं आणि त्याच्याबरोबर डेपोच्या गॅसमधलं पाण्यात विरघळणारं सिलानॉलही बरंचसं जातं. डी-५ मात्र फारसं जात नाही. नंतर तोच गॅस दहा-बारा अंशांनी पुन्हा तापवतात, म्हणजे त्यातली सापेक्ष आर्द्रता निम्म्यावर येते आणि कोळसा ओला होत नाही. आधी थंड करायचं आणि मग तापवायचं, हा खर्च नवख्याला वेडेपणा वाटतो. हाच वाचवायला जाऊन लोक महिन्याभरात कोळसा फुकट घालवतात.

एवढं करूनही कोळसा आपल्या वजनाच्या साधारण एक टक्काच सिलॉक्सेन धरतो. वरच्या आपल्या इंजिनाला दिवसाला दोनशे ग्रॅम डी-५ येतं, म्हणजे एक टन कोळसा पन्नास दिवस. त्यासाठी दोन टाक्या एकामागे एक लावतात. पुढची भरली की मागची पुढे येते आणि मागे ताजी बसते. पुढची भरली हे ओळखायचं कसं, हा मात्र खरा त्रास. कोळशावर जड डी-५ आलं की ते आधी बसलेल्या हलक्या रेणूंना उठवतं, एसटीत रुमाल टाकून धरलेल्या जागेवरून उठवावं तसं. मग एखाद्या दिवशी टाकीतून बाहेर पडणाऱ्या गॅसमध्ये हलके सिलॉक्सेन आत येणाऱ्या गॅसपेक्षा जास्त निघतं. सांडपाण्याच्या गॅससाठी उत्तम चाललेली टाकी कचरा डेपोवर लवकर हात टेकते ती याचमुळे.

मोजमापही सरळ नाही. नमुना पिशवीत घ्या, धातूच्या डब्यात घ्या, मिथेनॉलमध्ये बुडबुडे सोडून धरा किंवा शोषक नळीत घ्या. सिलॉक्सेन जाता जाता पिशवीला, नळीला, रबराच्या तुकड्याला चिकटतं. उलट, नमुना घेताना सिलिकोनची नळी वापरली तर नसलेलंही सापडतं. एकाच दिवशी एकाच नळाचा नमुना दोन प्रयोगशाळांकडे पाठवून वेगळे आकडे आले तर कुणी दचकत नाही.

कोळशाला पर्याय आहेत. बुटांच्या खोक्यात जी पुडी निघते, तो सिलिका जेल कोरड्या गॅसमधलं सिलॉक्सेन कोळशाहून जास्त धरतो. वाळूच्या भावंडाने वाळूला धरावं, हे काव्यात्मच. ओलावा आला की मात्र तो पाण्याच्याच नादी लागतो. गॅस उणे २५-३० अंशांपर्यंत गोठवायचीही पद्धत आहे. त्यात दोन उष्णताविनिमयक आळीपाळीने चालतात, एकावर बर्फ चढत असताना दुसऱ्यावरचा वितळवायचा. वीज खातं, मोठ्या केंद्रालाच शोभतं. आणखी एक जात आहे ती पुन्हा वापरता येणाऱ्या शोषकाची. भरला की गरम हवा उलटी सोडायची, सिलॉक्सेन बाहेर काढून छोट्या ज्वाळेत जाळायचं. वाळू व्हायची ती होतेच, फक्त इंजिनाबाहेर होते.

बायोगॅस शुद्ध करून गॅसच्या सार्वजनिक नळीत सोडायचा असेल तर पट्टी आणखी वर जाते. युरोपच्या २०१६ च्या मानकात एकूण बाष्पशील सिलिकॉनला घनमीटरमागे ०.३ ते १ मिलिग्रॅम एवढीच मुभा आहे.

उगमाशीच का थांबवू नये? युरोपीय संघाने ते काही अंशी केलं आहे. धुऊन टाकायच्या प्रसाधनांत डी-४ आणि डी-५ वजनाच्या ०.१ टक्क्याहून जास्त चालणार नाही, असा नियम ३१ जानेवारी २०२० पासून लागू झाला. २०२४ मध्ये तो डी-६ ला आणि अंगावर ठेवायच्या प्रसाधनांनाही, टप्प्याटप्प्याने, लावायचं ठरलं. हे इंजिनांच्या कळकळीने झालं नाही. हे फेर पाण्यात आणि गाळात फार काळ टिकतात, ही चिंता त्यामागे होती.

आपल्याकडे सुरतेच्या अंजना केंद्रात सांडपाण्याच्या गॅसवर वीज २००३ पासून होते. मुंबईत वरळी, वांद्रे, मालाड, घाटकोपर, धारावी, भांडुप आणि वर्सोवा इथे सात मोठ्या केंद्रांचं काम हाती घेतलं आहे, एकत्र क्षमता रोज २,४६४ दशलक्ष लिटर. गाळातून गॅस आणि गॅसमधून वीज काढायची तर निविदेत इंजिनाच्या किमतीशेजारी कोळशाच्या टाकीची आणि दर दोन महिन्यांच्या कोळशाची ओळ असायला हवी. ती मागाहून सुचली की पहिल्या ओव्हरहॉलच्या बिलात सापडते.

राहिला तो वापरलेला कोळसा. साधा कोळसा भट्टीत तापवून पुन्हा ताजा करता येतो. सिलॉक्सेनने भरलेला तापवला तर आतल्या आत सिलिका होते आणि छिद्रं कायमची बुजतात. म्हणून बऱ्याच ठिकाणी तो पिंपांत भरतात, पिंपं ट्रकवर चढतात, आणि ट्रक कचरा डेपोकडे निघतो.